जोडीने घेतलेल्या प्रयोगांतील फरक कसा पारखावा

नव्या बीजप्रक्रियेचा प्रयोग पाहून आल्यावर आपण बहुधा एवढेच विचारतो, की सरासरी उत्पन्न किती वाढले ? हा प्रश्न अपुरा आहे. जमिनीचा कस, पाणी व हंगाम यांमुळेही उत्पन्न कमीअधिक होते. अशा आकस्मिक वाढीच्या भरवशावर शेतकऱ्यास खर्च करावयास सांगितले, तर आपल्या चुकीचा भुर्दंड त्याला पडतो. म्हणून विस्तार कार्यकर्त्याने पुढील रीत अवगत करून घ्यावी.

उदाहरणादाखल एक जुना प्रयोग घेऊ. डब्लिन येथील गिनेस मद्यनिर्मितीच्या कारखान्यात काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी ' स्टुडंट ' या टोपणनावाने १९०८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात तो दिला आहे. सातूचे बी पेरणीपूर्वी भट्टीत सुकविल्याने उत्पन्न वाढते काय, हे पाहण्यासाठी १८९९ मध्ये ७ व १९०० मध्ये ४ वाणांचे बी सुकवून आणि न सुकविता, असे दोन्ही प्रकारे पेरण्यात आले. अशा ११ जोड्या झाल्या. प्रत्येक जोडीत सुकविलेल्या बियांच्या उत्पन्नातून दुसरे उत्पन्न वजा करता एकरी पौंडांत पुढील फरक आले :

+१०६, −२०, +१०१, −३३, +७२, −३६, +६२, +३८, −७०, +१२७, +२४.

गणिताची रीत अशी :

(१) फरकांची बेरीज ३७१. तीस ११ ने भागता सरासरी फरक ३३.७ पौंड.

(२) प्रत्येक फरकातून ही सरासरी वजा करून बाकीचा वर्ग करावा. वर्गांची बेरीज ४३,७८६. तीस १० ने (जोड्यांहून एक कमी) भागून वर्गमूळ घेता ६६.२ येते. हे प्रमाण विचलन.

(३) त्यास ११ च्या वर्गमूळाने भागता १९.९५ येते. ही सरासरीची प्रमाण त्रुटी.

(४) ११ जोड्यांसाठी स्टुडंटच्या कोष्टकातील ९५ टक्क्यांचा अंक २.२२८ आहे. त्याने प्रमाण त्रुटीस गुणता ४४.५ येते. ही संख्या सरासरीतून वजा करावी व सरासरीत मिळवावी.

अशा रीतीने −११ ते +७८ पौंड हा विश्वास अंतराल मिळतो. या पद्धतीने पुष्कळ प्रयोगांतून अंतराल काढले, तर शंभरांपैकी सुमारे ९५ अंतरालांत खरा फरक सापडतो.

येथे शून्य अंतरालाच्या आत आहे. म्हणून सुकविल्याने लाभ होतोच, असे म्हणता येत नाही. लाभ मुळीच नाही, असेही सिद्ध होत नाही. एकरी बियाणे सुकविण्याचा खर्च ७८ पौंड धान्याच्या किंमतीहून अधिक असेल, तर शिफारस करू नये. खर्च अल्प असेल, तर आणखी जोड्या घेऊन प्रयोग वाढवावा.

जोड्या मोडून दोन्ही गटांच्या सरासरींची स्वतंत्रपणे तुलना केली असती, तर ४४.५ च्या जागी सुमारे ३०० पौंड आले असते. कारण न सुकविलेल्या बियांचेच उत्पन्न वाण व वर्ष यांनुसार १,३१६ पासून २,४९६ पौंडांपर्यंत बदलले होते. जोडीतील वजाबाकीने हा भेद निघून जातो.

आपल्या गावी प्रयोग घेताना प्रत्येक शेतात सारख्या जमिनीचे दोन लगतचे वाफे निवडावेत. कोणत्या वाफ्यास प्रक्रिया द्यावयाची, ते चिठ्ठी टाकून ठरवावे. जोड्या पेरणीपूर्वीच नोंदवाव्यात, आणि उणे फरक आला म्हणून एकही जोडी वहीतून गाळू नये.