म्हणे, ‘इन्फ्रारेडमध्ये असंच येतं!’

जुना डीएसएलआर इन्फ्रारेडसाठी बदलून घ्यावा असं ज्यांच्या मनात घोळतंय, त्यांनी आधी हे वाचावं. पैसे माझे गेले, मनस्ताप मला झाला. निदान दुसऱ्याचा तरी वाचावा. कारागीर मोठ्या शहरातला. नाव लिहीत नाही, उगाच फुकटची जाहिरात नको.

काम तसं ठरलेलं आहे. कॅमेऱ्याच्या सेन्सरला इन्फ्रारेड दिसतंच, पार 1,000 नॅनोमीटरपर्यंत. नेहमीच्या फोटोत त्याची लुडबूड नको म्हणून कंपनी सेन्सरपुढे एक काच बसवते. ती काढून तिथे 720 नॅनोमीटरची काच बसवायची. मग डोळ्यांना दिसणारा प्रकाश जवळपास सगळा बाहेर राहतो आणि इन्फ्रारेड आत येतं. मात्र ते लेन्समधून वेगळं वळतं, शिवाय नव्या काचेची जाडीही वेगळी असू शकते, त्यामुळे फोकस सरकतो. तो जुळवून देणं हीच खरी कारागिरी. मी कॅमेऱ्यासोबत लेन्स पाठवली होती आणि चिठ्ठीही: काच 720ची, फोकस याच लेन्सवर जुळवावा. ‘निश्चिंत राहा साहेब’ असं उत्तर आलं होतं.

कॅमेरा परत आला तो ऐन ऑक्टोबरात. पाऊस सरलेला, सड्यावर गवत अजून हिरवं, वर स्वच्छ आकाश नि कापशी ढग. इन्फ्रारेडला आपल्या रत्नागिरीत याहून चांगले दिवस नाहीत. भर दुपारी भाट्याच्या सुरूबनात गेलो, तिथून आरे-वारेला. समुद्र काळा, आकाश काळसर, झाडं पांढरीशुभ्र. कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघून हरखलो. घरी संगणकावर मोठे करून पाहिले तर एकही फोटो धड स्पष्ट नाही. वारा असेल, खारी हवा असेल, म्हणून लेन्स पुसून पुन्हा गेलो. पुन्हा तेच.

शेवटी परड्यातल्या गडग्यासमोर ट्रायपॉड लावला. व्ह्यूफाइंडरमधून जांभ्याच्या एकाच चिऱ्यावर फोकस केला आणि फोटो काढला. चिरा पुसट, आणि त्याच्यामागे बऱ्याच अंतरावर असलेल्या हापूसच्या पानांची शीर न् शीर स्पष्ट! मग काहीही न हलवता लाइव्ह व्ह्यू लावून तोच फोकस सेन्सरवरून घेतला. आता चिऱ्याचं भोक न् भोक दिसलं. म्हणजे लेन्स चांगली, ट्रायपॉड चांगला, माझा हातही चांगला. डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरचा फोकस आत बसवलेला वेगळा सेन्सर ठरवतो, आणि तोही नेहमीच्या प्रकाशाच्या हिशेबाने. तो जुळवायला या गृहस्थाने हातही लावला नव्हता. दोन्ही फोटो त्याला पाठवले.

“साहेब, इन्फ्रारेडमध्ये असंच येतं.”

पुढचा दगड पुसट आणि मागचं झाड स्पष्ट, हेही असंच? “एफ 16 वर ठेवा ना!” ठेवलं. पुसटपणा बराच झाकला गेला, पण फोटोच्या मधोमध पांढुरका गोल डाग उमटला. याला हॉट स्पॉट म्हणतात. काही लेन्समध्ये इन्फ्रारेड आतल्या आत परावर्तित होतं, आणि अ‍ॅपर्चर जितकं बारीक तितका डाग ठळक. म्हणजे एक दोष झाकायला दुसरा ओढवून घ्यायचा सल्ला! हे कळवल्यावर म्हणाला, “लेन्स बदला.” मग, “परत पाठवा, पण चार्ज वेगळा पडेल.” मूळ काच तरी परत द्या म्हटलं, तर “ती कोण ठेवतं साहेब?” त्यानंतर फोन उचलणंच बंद.

मला राग आला तो त्या ‘असंच’चा. रॉबर्ट वूड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने अशी छायाचित्रं 1910 मध्ये प्रसिद्ध केली. आपल्याकडे थिबा राजवाडा उभा राहिला, तोही त्याच सुमारास. हिरवी पानं पांढरी का दिसतात हेही गूढ राहिलेलं नाही. हरितद्रव्य इन्फ्रारेड जवळजवळ शोषतच नाही आणि पानाच्या आतल्या पेशी ते परत फेकतात. इस्रोच्या 1988 सालच्या आयआरएस-1ए उपग्रहातही याच गुणाचा उपयोग करणारा पट्टा होता. शंभराहून अधिक वर्षं जुन्या विद्येत पैसे घेऊन ‘असंच येतं’ सांगणाऱ्याला काय म्हणावं!

असो. ज्यांना हा नाद करायचाच आहे त्यांनी कॅमेरा फोडायला देण्याआधी 720चा फिल्टर लेन्सवर लावून पाहावा. ट्रायपॉड हवाच. कित्येक सेकंदांचं एक्स्पोजर लागतं, लाटांचा धूर होतो, माड हलून जातात. पण आपल्याला हे आवडतं का ते कळतं. कॅमेऱ्यातली काच इन्फ्रारेड किती अडवते ते बघायला टीव्हीचा रिमोट त्याच्यासमोर धरून बटण दाबा: उजेड जितका मंद दिसेल तितकी आतली काच कडक. असा फिल्टर लावून सूर्याकडे मात्र मुळीच पाहू नका, अंधार दिसला तरी डोळ्याला इजा होते.

बदलूनच घ्यायचा तर मिररलेस कॅमेरा द्या. त्यात फोकस सेन्सरवरच होतो, त्यामुळे वरचं सगळं रामायण टळतं. काच किती नॅनोमीटरची, फोकस कोणत्या लेन्सवर जुळवणार, मूळ काच परत मिळणार का, हे पैसे देण्याआधी कारागिराकडून लिहून घ्या. नुसतं आपण लिहून देऊन भागत नाही. घरी उघडायच्या फंदात पडू नका, फ्लॅशचा कपॅसिटर जबर झटका देतो. प्रत्येक लेन्स एफ 5.6 पासून 16 पर्यंत आकाशावर रोखून डाग तपासा. व्हाइट बॅलन्स कॅमेऱ्यातच हिरव्या गवतावर ठरवा, नाहीतर सगळं लालभडक येतं. लाइटरूमची पट्टी 2,000 केल्विनच्या खाली जात नाही, त्यासाठी वेगळं प्रोफाइल बनवावं लागतं. रेड आणि ब्लू चॅनेलची अदलाबदल केली की आकाश निळं होतं. बाकी पावत्या जपणं वगैरे आहेच.

मी आता फक्त लाइव्ह व्ह्यूवर काढतो, एफ 8 च्या पुढे जात नाही. रत्नदुर्गाचे फोटो उत्तम आलेत. त्यात त्या कारागिराचं श्रेय काडीचंही नाही.