शेजारी नर्सरी येतेय, हरकत घ्यावी का?

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. शेजारचं घर एका संस्थेने घेतलंय आणि तिथे ४८ मुलांची नर्सरी काढायचा अर्ज केलाय. काही म्हणणं असेल तर कळवा, असं काउन्सिलचं पत्र आलंय. त्यांची मागची बाग आमच्या बागेला लागून आहे. सासूबाई आमच्याकडे असतात. रात्री त्यांना झोप नसते, त्यामुळे दुपारी एक ते तीन पडतात. गल्लीतले सगळे हरकतीच्या पत्रावर सह्या करताहेत. पण आमची मुलगीही अशाच नर्सरीत वाढली, त्यामुळे सही करताना हात अडतो. मुलांच्या खेळण्याच्या आवाजाला हरकत घेता येते का? आणि घ्यावी का?
– एक वाचक, रेडिंग

उत्तर : घेता येते. इंग्लंडच्या नियोजन कायद्यात आवाज हा विचारात घेण्याजोगा मुद्दा आहे. सकाळ-संध्याकाळ मुलांना सोडायला येणाऱ्या गाड्यांची गर्दीही आहे. ‘आमच्या घराची किंमत उतरेल’ हा मुद्दा मात्र धरला जात नाही, तेव्हा गल्लीच्या पत्रात तो असेल तर त्यावर शाई खर्च करू नका. एका बाबतीत तुमचं नशीब चांगलं. सप्टेंबर २०२० पासून तिथे दुकान, ऑफिस आणि नर्सरी एकाच वापर-वर्गात येतात, म्हणजे शेजारी ऑफिस असतं तर त्याची नर्सरी करायला सहसा नव्या परवानगीची गरजच पडली नसती आणि तुम्हाला कुणी विचारलंही नसतं. राहत्या घराची नर्सरी करायची म्हणून विचारणा झाली. मुदत साधारण २१ दिवसांची असते. ती पाळा, कारण पुढे दार बंद होतं. परवानगी नाकारली तर अर्जदाराला अपील करता येतं. दिली तर शेजाऱ्याला अपील नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, घ्यावी का. माझं मत स्पष्ट आहे : विरोधाच्या पत्रावर सही करू नका, स्वतःचं वेगळं पत्र लिहा आणि त्यात अटी मागा. अटी कोणत्या, यावर सगळं अवलंबून आहे, कारण अशा वेळी शेजारी सर्रास मागतात आणि काउन्सिलही पुष्कळदा घालते ती अट मला चुकीची वाटते. ती अशी : एका वेळी बाहेर इतकीच मुलं.

तुमच्याच आकड्यांवर पाहू. समजा, एका वेळी १२ मुलं अशी अट घातली. ४८ मुलांचे चार गट झाले. एकेका गटाला तासभर बाहेर ठेवायचं तर बागेत चार तास कुणी ना कुणी असणार. तुमच्या बाजूला शांतता अशी उरतच नाही. एक गट आत जातो, दार वाजतं, दुसरा येतो. बरं, मुलं दुप्पट झाली म्हणून आवाज कानाला दुप्पट होत नाही. १२ ची २४ केली तर आवाज ३ डेसिबलने वाढतो, आणि तेवढा फरक कानाला जेमतेम कळतो. दुप्पट मोठा वाटायला १० डेसिबलची वाढ लागते, म्हणजे साधारण दहापट मुलं. थोडक्यात, डोकी कमी करून शेजाऱ्याच्या पदरात फारसं पडत नाही, आणि आवाजाचे तास मात्र वाढतात.

मुलांचं काय होतं? तिथे थंडीत अडीच वर्षांच्या मुलाला बाहेर न्यायचं म्हणजे काय, ते तुम्ही लेकीच्या वेळी पाहिलंच असेल. जाकीट, त्याची अडकणारी चेन, टोपी, रबरी बूट, त्यातला एक उलट्या पायात. मग कुणाला तरी शू लागते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. असं बारा जणांचं करायचं. बाहेरचा वेळ दोन तासांवर आणून चार गटांत वाटला, तर अर्ध्या तासातली दहा मिनिटं बूट-जाकिटातच जातात. खेळ रंगायला वेळ लागतो. वाळूत खड्डा खणायचा, त्यात पाणी आणून ओतायचं, ते जिरतं कुठे म्हणून बघत बसायचं, हे वीस मिनिटांत उरकत नाही. इंग्लंडमध्ये नर्सरीला मुलांना रोज बाहेर न्यावंच लागतं, हवा धोक्याची असण्यासारखे अपवाद सोडले तर. पण आत दर मुलामागे किती जागा हवी याचे आकडे ठरलेले आहेत (दोन वर्षांखालच्या मुलाला साडेतीन चौरस मीटर), बाहेरच्या जागेला तसा आकडाच नाही. त्यामुळे कात्री लागते ती बाहेरच्या वेळेला.

म्हणून तुम्ही डोकी मोजायला सांगू नका, घड्याळ मागा. बाग सकाळी साडेनऊ ते साडेअकरा आणि दुपारी तीन ते साडेचार वापरावी, बारा ते तीन अजिबात नको, असं लिहा. यात मुलांचं नुकसान नाही, कारण नर्सरीत जेवण बाराच्या आसपास होतं आणि लहान मुलं त्यानंतर झोपतात. तुमच्या सासूबाईंची आणि त्या मुलांची झोपेची वेळ जवळजवळ एकच आहे! हे लिहिताना मला फार बरं वाटतंय. मुलांना सलग दोन तास मिळाले, सासूबाईंना खात्रीची दुपार मिळाली.

खात्री हा शब्द मी मुद्दाम वापरला. माझ्या घराच्या मागच्या भिंतीला लागून बालवाडी आहे. पहिल्या वर्षी मी वैतागलो होतो, खोटं कशाला बोलू. एक दिवस कान देऊन बसलो तेव्हा लक्षात आलं की मला टोचत होती ती मुलं नव्हेतच. लोखंडी फाटक होतं, दर वेळी धाडकन आपटणारं. आणि प्लास्टिकच्या चाकांची एक तीनचाकी होती, फरशीवरून खडखडत जाणारी. बालवाडीच्या बाईंना जाऊन सांगितलं. फाटकाला रबराची पट्टी लागली, तीनचाकी मातीच्या कडेला गेली. मुलांचा गलका होता तेवढाच राहिला, पण तो साडेदहाला सुरू होतो आणि साडेअकराला थांबतो हे ठाऊक झाल्यावर मी माझी कामं त्याप्रमाणे लावून घेतली.

तेव्हा बागेचा नकाशा मागून घ्या. वाळूचा हौद, कुंड्या, मातीचं स्वयंपाकघर असले बसून खेळायचे खेळ तुमच्या कुंपणाकडे असावेत. सायकली आणि घसरगुंडी पलीकडे, चाकांखाली मऊ जमीन. कुंपण फटी नसलेल्या जाड फळ्यांचं, जमिनीला टेकलेलं हवं, कारण आवाज फटीतून पाण्यासारखा येतो. मुलाचं तोंड जमिनीपासून मीटरभरही उंच नसतं, त्यामुळे दोन मीटरचं कुंपण बागेत बसणाऱ्याला चांगलं उपयोगी पडतं. वरच्या मजल्यावरच्या खिडकीला मात्र त्याचा काही फायदा नाही. तिथून कुंपणापलीकडचं दिसतं, म्हणजे ऐकूही येतं. सासूबाईंची खोली वर आणि त्याच बाजूला असेल तर ते पत्रात जरूर लिहा.

अर्जासोबत आवाजाचा अहवाल असेल. त्यात ५० आणि ५५ डेसिबल हे आकडे दिसतील. बाहेर बसणाऱ्याला दिवसा किती सरासरी आवाजाने त्रास होऊ लागतो, याचे जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये दिलेले ते आकडे आहेत. सरासरी दिवसभराची काढली की एखादी किंकाळी त्यात विरघळून जाते. म्हणून अहवाल ‘ठीक’ म्हणतो आणि शेजारी ‘असह्य’ म्हणतो, आणि दोघंही खरं बोलत असतात.

मुलांच्या आवाजाच्या या मोजमापाबाबत जर्मनीने २०११ मध्ये कायदाच बदलला. बालवाडीतल्या किंवा मैदानावरच्या मुलांचा आवाज सर्वसाधारणपणे घातक उपद्रव मानायचा नाही आणि डेसिबलच्या मर्यादांनी मोजायचाही नाही, असं त्यात लिहिलं. टोकियोने २०१५ मध्ये शाळेच्या वयाखालच्या लहान मुलांचे आवाज आकड्यांच्या मर्यादेतून वगळले. मला ही दिशा पटते. यंत्राच्या घरघरीला आणि मुलाच्या हसण्याला एकच फूटपट्टी लावू नये. पण कायदा बदलून शेजार सांभाळला जात नाही. त्याच जपानात, नागानो शहरात, शेजारून येत राहिलेल्या तक्रारींनंतर मुलांचं एक मैदान २०२३ मध्ये बंद झालं.

आपल्याकडे, भारतात, २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार शाळेभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतात. म्हणजे गोंगाटापासून शाळेला जपायचं, हा तिथला विचार. आणि बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी बोर्डीला आदिवासी मुलांची शाळा त्यांच्या घराच्या अंगणात नेली, त्या शाळेला नाव पडलं अंगणवाडी. शिकायची जागा म्हणून त्यात अंगणच आहे. तुमचा हात सहीला अडला तो मला म्हणूनच योग्य वाटतो.

पत्रात शेवटी दोन गोष्टी मागा. एक, पहिली परवानगी वर्षभराची असावी, म्हणजे प्रत्यक्ष अनुभवावर पुढचं ठरेल. ते देतीलच असं नाही, कारण वर्षभराच्या परवानगीवर संस्थेने कुंपणाचा आणि बागेचा खर्च कसा करावा, हाही प्रश्न आहे. दुसरी, नर्सरी चालवणाऱ्या बाईंचा थेट फोन नंबर शेजाऱ्यांकडे असावा. फाटकाला रबर लावायचंय हे काउन्सिलला कळवून दोन महिने जातात, बाईंना कळवलं तर दोन दिवस. आणि नर्सरी सुरू झाली की सासूबाईंना सकाळी दहाला एकदा बागेत खुर्ची टाकून द्या, कुंपणापासून जरा लांब, उन्हात.