परिक्रमेत अनोळखी घरी मुक्काम करावा का?

प्रश्न : माझं वय ५३. मुलं मार्गाला लागली. आता नर्मदा परिक्रमा पायी आणि एकटीने करायची इच्छा आहे. ज्यांनी केली ते सांगतात, ‘लोक घरी बोलावून जेवू घालतात, काळजी कसली?’ माझ्या घरचे नेमके त्यालाच घाबरतात. अनोळखी माणूस ‘घरी चला’ म्हणाला, तर जावं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : जावं. फक्त केव्हा आणि कुणाच्या देखत, एवढं पाहून जावं.

अमरकंटकपासून खंभातच्या आखातापर्यंत नर्मदा सुमारे १,३१२ किलोमीटर वाहते. तिला उजव्या हाताला ठेवून, पात्र न ओलांडता दोन्ही तट चालायचे, म्हणजे अडीच-तीन हजार किलोमीटरची पायपीट. एवढ्या वाटेचा शिधा कुणाच्याच पाठीवर मावत नाही. तो भार काठावरच्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या उचलला आहे. दिवेलागणीच्या आधी गावात शिरून ‘नर्मदे हर’ म्हटलंत की विचारणा होते, ‘कितनी मूर्ती?’ म्हणजे किती जण? मग तेवढ्या मूर्तींचं पीठ, डाळ, मीठ-मिरची सदावर्तातून निघते. चूल आपली आपण पेटवायची. अलीकडे बऱ्याच ठिकाणी तयार भोजनप्रसादीही मिळते.

म्हणजे तुम्हाला बोलावणारा माणूस तुम्हाला अनोळखी असला, तरी गावाला नसतो. त्याच्या पडवीत याआधी कोण कोण उतरलं, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठाऊक असतं. याचाच उपयोग करून घ्या. आमंत्रण आलं की आधी देवळात किंवा किराणा दुकानात टेका आणि सहज विचारा, ‘अमक्यांकडे आसन लावू का?’ ‘हो, हो, खुशाल जा’ हे लगेच येतं. उत्तराआधी दोघं एकमेकांकडे पाहू लागले, तर आश्रमाची किंवा धर्मशाळेची वाट धरा. घरात बायका-मुलं आहेत ना, हेही पाहा आणि शक्यतो त्यांच्यातच झोपा.

आपल्या लोकांना नाही म्हणायचा संकोच फार. इथे व्रताचे नियम उपयोगी पडतात. कुणी मोटारसायकल थांबवून ‘बसा माताराम, पुढच्या गावी सोडतो’ म्हणालं, तर ‘पायी परिक्रमा आहे’ एवढं पुरतं. नावेने पलीकडे नेतो म्हणणाऱ्याला ‘मैया ओलांडायची नसते’ हे सांगितलं की विषय संपतो. नाव चालते ती मुखापाशी, समुद्रातून उत्तर तटावर जाताना. आणि तिथे सोबतीला इतर परिक्रमावासी असतात. समोरच्याचा अपमान न करता नकार देता येतो, कारण हे नियम त्यालाही पाठ असतात. तरीही जो हटत नाही, त्याच्यापासून दूर राहा. खरा यजमान आग्रह करेल, पण नकार ऐकला की वाट दाखवेल.

श्रद्धाळूंनीही हा काठ निव्वळ सज्जनांचा मानलेला नाही. शूलपाणीच्या झाडीत परिक्रमावासी लुटले जायचे आणि तीही मैयाचीच इच्छा समजून पुढे चालायचे. आता त्या जुन्या वाटेचा मोठा भाग सरदार सरोवराच्या पाण्याखाली आहे; दक्षिण तटावरचे बरेच जण आपल्या नंदुरबार जिल्ह्यातून, शहादा-प्रकाशावरून वळसा घेतात. लुटीचे दिवस सरले, पण अंगावर दागिना आणि हातात नोटांची जुडी नको, हा धडा अजून खरा आहे.

एकटीने निघालात तरी कार्तिकात, देवउठनी एकादशीनंतर निघा. चातुर्मासात परिक्रमा थांबते; तो संपला की वाटेवर पुढे-मागे माणसं असतात. ओळखपत्र जवळ असू द्या, जिथे उतराल तिथल्या वहीत नाव-गाव नोंदवा आणि ११२ हा क्रमांक लक्षात ठेवा.

राहिले घरचे. ‘मैया बघेल’ एवढ्यावर त्यांची समजूत पटणार नाही. रोज संध्याकाळी यजमानाचं नाव आणि गाव कळवण्याचा शब्द त्यांना द्या, आणि तो फोन यजमानासमोरच लावा. चांगल्या माणसाला त्यात काही वावगं वाटत नाही. उलट तोच फोन मागून घेईल आणि ‘माताराम आमच्याकडे आहेत, चिंता नको’ म्हणून सांगेल. ज्याला हा फोन खटकेल, त्याच्या ओसरीवर झोळी टेकवू नका.