पावसाळ्यातील करडांची मरतूक

परभणी जिल्ह्यात जिंतूरच्या बाजूस डोंगराळ माळरान आहे, तर गोदावरीकाठी काळी, पेरणीची जमीन. मृगात पेरण्या झाल्या की काळ्या रानात शेळीला थारा राहत नाही. राखणाऱ्यास कळप घेऊन बांध, गायरान व डोंगरउतार धुंडाळावे लागतात. उन्हाळाभर बाभळीच्या शेंगांवर व वाळल्या पाल्यावर दिवस काढलेल्या शेळ्या पहिल्या कोवळ्या गवतावर तुटून पडतात. मरतूक सुरू होते ती याच दिवसांत.

सायंकाळी धडधाकट असलेले करडू सकाळी मेलेले आढळते. एखादे पाय झाडते, मान मागे टाकते, पातळ हगते आणि काही तासांत संपते. बहुधा कळपातील गुबगुबीत करडूच आधी जाते. म्हणून दृष्ट लागली असा समज होतो. हा आंत्रविषार होय. त्याचे जंतू निरोगी शेळीच्या आतड्यातही अल्प प्रमाणात असतात. कोवळा चारा किंवा धान्य एकदम पोटात गेले म्हणजे ते झपाट्याने वाढून विष निर्माण करतात. जे अधिक खाते त्यालाच अधिक धोका असतो, तो असा.

भूमिहीन कुटुंबात करडू ही अडीअडचणीस मोडता येणारी ठेव असते. उस्मानाबादी शेळी पुष्कळदा जुळी देते. परंतु ती बाजारापर्यंत पोचली तरच त्याचा उपयोग.

उपचारास सवड मिळत नाही, म्हणून लस पावसाळ्यापूर्वीच टोचून घ्यावी. प्रथमच टोचलेल्या जनावरास दोन ते तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा लागते. यासाठी मे महिन्यातच पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलणे करावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. दहा वाजता लसीकरण ठेवल्यास कळप रानात गेलेला असतो व राखणाऱ्यावर निष्काळजीपणाचा ठपका मात्र येतो. दिवस उगवताच वाड्यावर जावे. गाभण शेळीस विण्यापूर्वी सुमारे महिनाभर लस दिल्यास चिकातून करडांस संरक्षण मिळते. मात्र चीक जन्मानंतर तास-दोन तासांतच पाजावा, जुळ्यांतील अशक्तास हाताने धरून.

पहिल्या पावसानंतर काही दिवस शेळ्यांना थोडा कडबा अथवा तुरीचा भुसा खाऊ घालून, दव वाळल्यावरच सोडावे. मेलेले करडू खाण्यास न वापरता खोल पुरावे.