गुडघा मुरगळला, तर डॉक्टर काय तपासतात?



खो-खोचे सामने जवळ आले की गुडघ्याच्या तक्रारी वाढतात. खांबाला वळसा घालताना किंवा हुलकावणी देताना पाऊल जमिनीवर रोवलेले राहते, अंग वळते आणि मधल्या मध्ये गुडघा पिळला जातो. कोणाचा धक्का लागलेला नसतो, म्हणून घरी 'साधी मुरगळ आहे' असे ठरते आणि मुलाला हाड बसवणाऱ्या पहिलवानाकडे मालिशीला नेतात. माझा या मालिशीला स्पष्ट विरोध आहे. काय दुखावले हे कळण्याआधी चोळायचे तरी काय?

गुडघ्याच्या आत दोन अस्थिबंध फुलीसारखे एकमेकांना छेदतात. त्यांपैकी पुढचा नडगीला पुढे सरकू देत नाही. दोन हाडांच्या मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन कूर्चेच्या गाद्या असतात.

डॉक्टर हात लावण्याआधी विचारतात, 'कट्' असा आवाज आला का? सूज किती वेळात आली? दोन-तीन तासांतच गुडघा टम्म फुगला, तर सांध्यात रक्त साठल्याची व पुढचा अस्थिबंध तुटल्याची शंका येते. सूज दुसऱ्या दिवशी हळूहळू आली, तर गादी फाटली असावी असा विचार होतो. म्हणून आमच्या क्रीडाशिक्षकांनी मार लागल्याची वेळ चिठ्ठीवर लिहून पालकांना द्यावी.

मग तपासणी, आणि तीही आधी चांगल्या गुडघ्याची! काही मुलांचे सांधे मुळातच सैल असतात, तेव्हा तुलना हवीच. गुडघा २० ते ३० अंश वाकवून एका हाताने मांडी स्थिर धरतात व दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढतात. अस्थिबंध शाबूत असेल, तर नडगी झटकन अडते. तुटला असेल, तर ती सरकत जाते. ही लॅकमन चाचणी. फिलाडेल्फियाचे डॉ. जॉन लॅकमन ती शिकवीत; त्यांचे शिष्य जोसेफ टोर्ग व सहकाऱ्यांनी ती १९७६ साली प्रसिद्ध केली. त्याआधीपासूनची चाचणी गुडघा ९० अंशांत वाकवून, टेबलाचा खण ओढावा तशी करतात. पण ताज्या दुखापतीत सुजलेला गुडघा तेवढा वाकत नाही आणि मांडीचे मागचे स्नायू आखडून दोष झाकतात. म्हणून लॅकमनवर भरवसा अधिक.

गादीसाठी सांध्याच्या फटीवर बोट दाबून पाहतात. लिव्हरपूलच्या मॅकमरे यांच्या पद्धतीने गुडघा पूर्ण वाकवून, नडगी फिरवत सरळ करतात. गुडघा अडकून सरळच होत नसेल, तर मात्र ओढाताण न करता लगेच अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावे.

एक्स-रे कधी काढावा यासाठी कॅनडातील ओटावाचे नियम आहेत. दुखापतीनंतर लगेच व दवाखान्यातही चार पावले टाकता न येणे, गुडघा ९० अंश न वाकणे, फक्त वाटीवर किंवा नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या डोक्यावर दाबल्यास दुखणे, अथवा वय ५५ वा अधिक (हे आम्हा शिक्षकांसाठी!). यांपैकी एक जरी असले, तरी एक्स-रे. वाढत्या मुलांत अस्थिबंधाऐवजी तो चिकटलेला हाडाचा तुकडाच निघू शकतो, म्हणून डॉक्टर त्यांच्याबाबत अधिक सावध असतात.

या चाचण्या मुलांनी एकमेकांवर करून पाहू नयेत.

आणखी एक गोष्ट पालकांना सहसा माहीत नसते. खुब्याचे दुखणे पुष्कळदा गुडघ्यात जाणवते. दहा ते पंधरा वर्षांचे मूल काही न लागता 'गुडघा दुखतो' म्हणून लंगडत असेल, तर डॉक्टरांना खुबाही तपासायला सांगावे. या वयात मांडीच्या हाडाचे डोके वाढीच्या थरापाशी सरकू शकते, आणि तिथे उशीर चालत नाही.