परतीची गाडी धरायची असेल तर

जहाज बंदरात सात-आठ तास थांबतं. तेवढ्यात किनाऱ्यावर उतरायचं, गाडी भाड्याने घ्यायची, एखादा देखणा घाट पाहायचा आणि जहाज सुटायच्या आत परत यायचं, ही पद्धत आता क्रूझवर जाणाऱ्या मराठी प्रवाशांच्याही चांगली परिचयाची झाली आहे. आमच्या छत्रपती संभाजीनगरला समुद्र नाही, पण हाच प्रकार इथे रोज चालतो. मुंबईहून रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस पहाटे इथे उतरवते आणि रात्री उशिरा परत घेऊन जाते. मधला सबंध दिवस मोकळा. कुणी सकाळच्या विमानाने चिकलठाण्याला उतरतो आणि संध्याकाळच्या विमानाने परततो. हाताशी एक दिवस, डोक्यावर परतीची वेळ आणि खाली भाड्याची गाडी. जहाज कंपनीच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबतं. आपल्या जबाबदारीवर गाडी घेऊन गेलेल्या प्रवाशासाठी थांबत नाही. रेल्वे आणि विमान तर कुणासाठीच थांबत नाही. म्हणून या शहरात राहून पाहिलेल्या-ऐकलेल्या गोष्टींच्या आधारावर माझं सांगणं एवढंच आहे, की अशा दिवशी गाडी एकाच दिशेसाठी ठरवावी, आणि दिवस सकाळपासून पुढे न आखता परतीच्या वेळेपासून मागे मोजत आखावा.

अजिंठ्याचंच घ्या. शहरापासून अंतर साधारण 100 किलोमीटर. नकाशा पाहून माणूस म्हणतो, दोन तास. पण हा रस्ता फुलंब्री, सिल्लोड, गोळेगाव अशा भरवस्तीच्या गावांतून जातो, शेवटी अजिंठ्याचा घाट उतरतो, आणि सिल्लोडला बाजाराचा दिवस असला की तिथेच वेळ जातो. या रस्त्याचं चौपदरीकरण रखडलं होतं तेव्हा प्रवासाला किती वेळ लागेल हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नसे. आता रस्ता पुष्कळ सुधारला आहे, तरी अडीच तास धरणं शहाणपणाचं. शिवाय आपली गाडी लेण्यांपर्यंत जातच नाही. फर्दापूरच्या टी-पॉइंटला ती उभी करायची आणि पुढचे चार किलोमीटर एसटीच्या बसने जायचं. बसची रांग, मग तिकिटाची रांग, मग पायऱ्या. वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर पसरलेली तीस लेणी आहेत, आणि चित्रांच्या लेण्यांत एका वेळी ठरावीकच माणसं आत सोडतात. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर उभं राहिलं की अंधाराला डोळे सरावायलाच काही मिनिटं जातात. त्याआधी बाहेर पडणारा माणूस भिंत पाहून येतो, चित्र नाही. म्हणजे लेण्यांना निदान साडेतीन तास. सकाळी सातला शहर सोडलं तर परत यायला संध्याकाळचे साडेपाच होतात, आणि ते सगळं सुरळीत पार पडलं तर. रात्री अकराच्या गाडीला हे पुरेसं आहे. संध्याकाळी सहाच्या विमानाला अजिबात नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की एवढ्या लांबून येऊन एकच ठिकाण पाहायचं? अजिंठा आणि वेरूळ एका दिवसात करून देणारे आहेत की! आहेत, आणि दोन्हीच्या दारात नेऊन उभं करण्यात ते कमीही पडत नाहीत. पण हिशेब मांडून पाहावा. दुपारी दोनला अजिंठा आटोपलं, तीनला फर्दापूर सोडलं, तर वेरूळला पोचेपर्यंत पाच-साडेपाच होणार. सूर्य मावळला की वेरूळ बंद. उरलेल्या अर्ध्या तासात 34 लेण्यांपैकी एकट्या कैलासाच्या आवारात धावती फेरी होते. हे सबंध देऊळ कळसाकडून पायाकडे कोरत आणलं आहे, आणि ते कळण्यासाठी बाजूच्या कड्यावर चढून वरून पाहावं लागतं. घाईच्या फेरीत नेमकं तेवढंच राहून जातं. 1983 साली ही दोन्ही ठिकाणं जागतिक वारसा यादीत गेली ती स्वतंत्रपणे, कारण दोन्हींचा ऐवज वेगळा आहे. त्यातलं एक नीट पाहिलं तर पाहिलं असं म्हणता येतं. दोन्ही धावत पाहणाऱ्याच्या वाट्याला दिवसभराचा रस्ता तेवढा येतो.

मोकळे तास कमी असतील तर वेरूळची दिशा धरावी, हे माझं स्पष्ट मत. अंतर जेमतेम 30 किलोमीटर, आणि गाडीतून पाहण्यासारखा रस्ताही हाच. दौलताबादपाशी तो देवगिरी किल्ल्याच्या बाहेरच्या तटबंदीतल्या जुन्या दरवाज्यातून जातो. दगडी कमान एवढी अरुंद, की समोरून मोठी गाडी आली तर एकाने थांबायचंच. मग घाट चढून खुलताबाद, पुढे उतारावर वेरूळ, आणि वेळ उरलाच तर म्हैसमाळ. सीताफळाच्या दिवसांत रस्त्याच्या कडेला टोपल्या मांडलेल्या असतात. पण इथेही फसगत होते ती ‘वाटेत’ या शब्दाने. देवगिरी वाटेत आहे, असं म्हणून लोक त्याला अर्धा तास देतात. अंधारी हा काळोखा मार्ग पार करून वर बारादरीपर्यंत जाऊन यायला दोन-अडीच तास हवेत. ते नसतील तर चाँद मिनार खालून पाहून पुढे निघावं. रविवारी त्या कमानीपाशी वाहनांची कोंडी होते, श्रावणी सोमवारी घृष्णेश्वराला गर्दी असते, आणि हनुमान जयंतीला खुलताबादच्या भद्रा मारुतीला शहरातून माणसं रात्रभर पायी जातात. पंचांग पाहून तारीख ठरवावी हे इथे अक्षरशः लागू आहे.

आता गाडी कोणती. स्वतः चालवायला मिळणारी गाडी स्वस्त पडते, ड्रायव्हरचा भत्ता वाचतो, हवं तिथे थांबता येतं, असं तरुण मंडळी सांगतात. मोकळेपणाचा मुद्दा खरा आहे. दोन दिवस मुक्काम असेल तर मीही तोच सल्ला देईन. पण रात्रभर रेल्वेत अर्धवट झोपून पहाटे उतरलेल्या माणसाने अनोळखी रस्त्यावर दिवसभरात 200 किलोमीटर गाडी चालवावी, तीही घड्याळाकडे बघत, हे मला धोक्याचं वाटतं. परतीच्या घाईत माणूस जिथे करू नये तिथे ओव्हरटेक करतो. ड्रायव्हर असला तर पाठीमागे डुलकी घेता येते. मात्र त्यालाही विचारावं, काल रात्री गाडीवर होतास का? रात्रीचं भाडं करून आलेला ड्रायव्हर आणि रात्र रेल्वेत काढलेला प्रवासी यांत झोपेच्या बाबतीत काही फरक नसतो. त्याला जेवायला वेळ द्यावा, आणि उशीर झाला तर ‘जरा दाबा’ असं त्याला सांगू नये.

स्वतःच चालवायची असेल तर आधी नंबरप्लेट पाहावी. भाड्याने चालवायला देण्याच्या परवानाधारक गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात, टॅक्सीला पिवळ्या पाटीवर काळी. पांढऱ्या पाटीची गाडी ‘मित्राची आहे, काही होत नाही’ म्हणून हातात दिली जाते, आणि खरोखर काही होत नाही तोवर ठीक. खासगी गाडीच्या विम्यात भाड्याने देण्याचा वापर वगळलेला असतो. अपघात झाला की विमा कंपनी नेमकं त्याच कलमावर बोट ठेवते, आणि मग शेकडो रुपयांची बचत लाखांच्या वादात जाते. ताब्यात घेताना गाडीभोवती फिरून जुन्या ओरखड्यांचा व्हिडिओ काढावा, मालकाला तिथल्या तिथे पाठवावा. स्टेपनीत हवा आहे का, जॅक-पाना आहे का पाहावं. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 सालच्या 23व्या आठवड्यात बनलेला. असा जुना टायर समृद्धी महामार्गावर 120च्या वेगाने तापवू नये. किलोमीटरची मर्यादा, टोल-पार्किंग कुणाकडे, डिपॉझिट कधी परत, हे तोंडी न ठेवता मेसेजवर लिहून घ्यावं.

समृद्धीमुळे हे सगळं जुनं झालं, असंही कुणी म्हणेल. 5 जून 2025ला तो 701 किलोमीटरचा महामार्ग पूर्ण झाला आणि मुंबईचा माणूस स्वतःच्या गाडीने इथवर लवकर येऊ लागला, हे खरंच. पण तो शहराजवळ आणून सोडतो. अजिंठ्याचा घाट, टी-पॉइंटची रांग आणि दौलताबादची कमान होती तिथेच आहेत. पावसाळ्यात तर वेळेचा कोणताच हिशेब पक्का धरू नये. 31 ऑगस्ट 2021ला कन्नडच्या औट्रम घाटात दरडी कोसळल्या आणि धुळ्याकडचा राष्ट्रीय महामार्ग बंद पडला. त्या दिवशी घाटापलीकडच्या चाळीसगावहून रेल्वे धरायची म्हणून पितळखोरा-गौताळ्याकडे निघालेल्याला कोणतीच गाडी वेळेवर पोचवू शकली नसती. म्हणून ऑगस्टात घाटापलीकडची परतीची तिकिटं काढू नयेत, आणि एरवीही सुटायच्या वेळेआधी दोन तास शहरात असावं. ते दोन तास वाया जात नाहीत. बीबी का मकबरा आणि पाणचक्की शहरातच आहेत.

आणि तिकीट काढण्याआधी वार बघा: सोमवारी अजिंठा बंद असतं, मंगळवारी वेरूळ.