२.३ माहितीपर चित्रपुस्तक : चित्राचे कार्य

बालकथेत चित्र कल्पनेला वाव देते. निसर्गविषयक माहितीपर पुस्तकात मात्र ते पुराव्याचे काम करते. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. तेथे हिवाळ्यात दिसणारा रोहित पक्षी चोच उलटी धरून पाण्यातील सूक्ष्म अन्न गाळून घेतो. ही कृती शब्दांत मांडणे अवघड. चित्रात ती सहज कळते. चित्रकाराने चोच सुलट काढल्यास मजकूर बिनचूक असूनही पुस्तक चुकीचे ज्ञान देते, कारण अक्षरओळख नसलेल्या मुलापर्यंत केवळ चित्रच पोहोचते. म्हणून मूल्यमापनात भाषेची सुबोधता आणि चित्राची यथार्थता यांचा एकत्रित विचार करावा.

स्वयं-अध्ययन : आपल्या परिसरातील एका पक्ष्याविषयी चार वाक्ये लिहा. त्यांतील कोणती माहिती चित्रावर सोपवाल, ते सकारण सांगा.